रोज काळेच कपडे: राखाडी पडणं, न जुळणारे काळे आणि बाकी कटकटी

शाईची_दौत

ऑफिसला आणि बाहेर रोज काळेच कपडे वापरायचे, असं ठरवलं आहे. कपाटात सध्या सुती टी-शर्ट, पॉपलिनचे दोन शर्ट, दोन सुती कुर्ते, एक काळी जीन्स आणि एक टेरिकॉटसारखी (पॉलिस्टर-सुती मिश्र कापडाची) फॉर्मल पँट आहे. फॅशनबद्दल काही विचारायचं नाही. प्रश्न सगळे टिकण्याचे आहेत.

१. सहा-आठ महिन्यांत सगळं राखाडी दिसायला लागतं. टी-शर्ट एका प्रकारे, जीन्स दुसऱ्या प्रकारे आणि कुर्ता काखेत चक्क तांबूस. हा रंग उडतो की आणखी काही होतं? पाणी बोअरचं आहे, मशीन टॉपलोड, साबण पावडरचा. कॉलर वडी लावून ब्रशने घासली जाते.

२. दुकानात दोन्ही काळे एकसारखे दिसतात. घरी आणून शर्ट-पँट एकत्र घातली की एक निळसर, एक तपकिरी. खरेदी करताना नेमकं काय बघायचं?

३. मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळे सांगतात. खरं आहे का?

४. घरी पुन्हा काळं रंगवता येतं का? प्रमाणासकट सांगितलंत तर बरं.

एप्रिल-मेच्या उन्हाबद्दलही कोणी सांगा. "काळं घालून लग्नाला येऊ नकोस" यावर उत्तर नको, ते घरी रोज मिळतं.

ताणाबाणा

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातच आहेत. काळा कपडा तीन वेगवेगळ्या कारणांनी खराब दिसतो आणि तिन्हींवर इलाज वेगळे आहेत. लोक सरसकट "रंग गेला" म्हणतात. प्रत्यक्षात निम्म्या वेळा रंग जागेवरच असतो, वर काहीतरी बसलेलं असतं.

पहिलं कारण लेप. बोअरच्या पाण्यातला चुना, न विरघळलेली पावडर आणि वडीचा साबण जड पाण्याशी मिळून होणारा चिकट साका, हे सगळं धाग्यावर बसतं. कपडा पांढुरका, धुरकट दिसतो आणि हाताला थोडा ताठ लागतो. परीक्षा सोपी आहे. आतल्या शिवणीजवळ व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे चार थेंब टाका, पाच मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ओला कपडा नेहमीच काळाभोर दिसतो, त्यामुळे ओल्यावर निकाल लावू नका. वाळल्यावरही तो ठिपका आजूबाजूपेक्षा गडद राहिला तर तुमचा रंग शाबूत आहे, वर चुना आहे.

इलाज: १० लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड. त्यात धुतलेले कपडे अर्धा तास बुडवून ठेवायचे आणि मग दोन पाण्यांतून खळबळून काढायचे. शेवटचं खळबळणं टाळू नका, आम्ल सुतात वाळलं तर सूत कमजोर होतं. हे डिटर्जंटच्याच पाण्यात घालू नका, दोघं एकमेकांचं काम मारतात. ब्लीचबरोबर तर कधीच नाही, क्लोरीन वायू सुटतो. बोअरचं पाणी असेल तर महिन्यातून एकदा पुरतं. धरणाचं नळाचं पाणी असणाऱ्यांना सहसा याची गरज पडत नाही.

दुसरं कारण लव. सुती धाग्याचे बारीक तंतू घासून उभे राहतात, त्यांची टोकं प्रकाश पसरवतात आणि कपडा राखाडी भासतो. टी-शर्टचं बहुतेक हेच झालं असणार. मोबाईलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन बघा, पृष्ठभागावर धुकं धरल्यासारखे केस दिसतील. टॉपलोडमध्ये जीन्सबरोबर टी-शर्ट टाकले की जीन्स त्यांना कानशीसारखी घासते. म्हणून टी-शर्ट उलटे करून, चेन-हुक लावून, जड कपड्यांपासून वेगळे धुवा. ड्रम दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. पाणी थंड किंवा ३० अंश, छोटी सायकल. टॉवेल त्यांच्याबरोबर अजिबात नको, सगळं सूत काळ्यावर येऊन बसतं. घेतानाच कोम्ब्ड म्हणजे विंचरलेल्या सुताचा, बायोवॉश केलेला आणि १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) पुढचा घ्या. बायोवॉशमध्ये सेल्युलेज नावाच्या विकराने (एन्झाइमने) ही लव आधीच खाऊन टाकलेली असते. काही लिक्विड डिटर्जंटमध्येही हे विकर असतं. अधूनमधून ठीक, पण रोज वापरलं तर कापड विरतं.

तिसरं कारण म्हणजे खरोखर रंग जाणं. काखेतला तांबूसपणा हा त्यातला. सुतावरचा काळा बहुधा एकच रंग नसतो. गडद निळा रिॲक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिकरीत्या जोडला जाणारा रंग आणि त्यात नारिंगी-लाल मिसळून काळा साधलेला असतो. घाम अधिक ऊन किंवा क्लोरीन यांनी निळा भाग आधी तुटतो, मागे तांबूस उरतो. यावर धुण्याने काही होत नाही, पुन्हा रंगवणं हाच उपाय. टाळायचं असेल तर घामाचा कपडा टोपलीत दोन दिवस ठेवू नका. त्याच संध्याकाळी नुसत्या पाण्यातून काढून वाळत टाका, साबण नंतर लावता येतो. वाळवणं उलटं आणि सावलीत.

मीठ: नाही. कारखान्यात मीठ घालतात ते रंग धाग्याकडे ढकलायला. तो पक्का होतो धुण्याच्या सोड्याने. शिवून विकलेल्या कपड्याला मिठाचं पाणी देऊन काही होत नाही. नव्या कपड्यातून जो रंग निघतो तो धाग्याशी जोडला न गेलेला फालतू रंग असतो, तो निघून जाण्यातच भलं आहे. पहिले दोन-तीन वॉश वेगळे, कोमट पाण्यात, लिक्विड घालून. तरीही पाचव्या-सहाव्या धुण्याला पाणी काळं येत असेल तर माल हलका आहे.

आणि ती वडी आणि ब्रश आजच बंद करा. कॉलरवर लिक्विड डिटर्जंटचे चार थेंब, दहा मिनिटं थांबायचं, बोटांनी चोळायचं. पांढऱ्या कपड्यांसाठीच्या पावडरीत चमक आणणारी द्रव्यं आणि ऑक्सिजन ब्लीच असतं, ती काळ्याला नकोत.

काजबटण

खरेदी आणि शिलाईबद्दल लिहिते.

दोन काळे जुळतात की नाही हे दुकानातल्या दिव्याखाली कळतच नाही. रंगांची मिश्रणं वेगळी असतात, त्यामुळे एका उजेडात जुळलेले दोन काळे दुसऱ्या उजेडात फुटतात. कापड उचलून दारापर्यंत जा, दिवसाच्या उजेडात दोन्ही एकमेकांवर ठेवून बघा. जुळवायचाच असेल तर शर्ट-पँट एकाच ताग्यातून घ्या. नाहीतर जुळवायचा नादच सोडा. शर्ट मऊ आणि बिनचमकीचा, पँट ठसठशीत विणीची, म्हणजे वर पॉपलिन किंवा लिनन आणि खाली ट्विल, असं केलं की फरक मुद्दाम ठेवल्यासारखा दिसतो. सगळ्यात वाईट दिसतात ते जवळजवळ सारखे दोन काळे.

जीन्स घेताना पायाची दुमड उलटून बघा. आतून पांढरी दिसली तर उभा धागा काळा आणि आडवा पांढरा. घासली की पांढरा वर डोकावणार आणि ती राखाडी होणारच, तिची चूक नाही. आतूनही काळी असेल तर दोन्ही धागे रंगवलेले आहेत, ती जास्त टिकते. तुमची जीन्स आत्ताच तपासा, बहुतेक पांढरीच निघेल.

रुमालाची परीक्षा: पांढरा सुती रुमाल ओला करून पिळा, अंगठ्याला गुंडाळा आणि कापडाच्या आतल्या बाजूला दहा वेळा घासा. गडद काळ्यातून थोडा करडा डाग चांगल्या मालातूनही येतो. रुमाल काळाशार झाला तर ते कापड घेऊ नका. छापील काळा, म्हणजे उलट्या बाजूने फिका दिसणारा, असेल तर तो कोरड्या रुमालालाही लागतो. संक्रांतीच्या आधी दुकानांत काळ्याचा जितका माल असतो तितका वर्षभरात नसतो. निवड करायला उत्तम वेळ, पण याच दिवसांत हलका मालही खूप येतो. रुमाल पर्समध्ये असू द्या.

शिवून घेत असाल तर टेलरला तीन गोष्टी आधीच सांगा. एक, कॉलर आणि कफला काळं फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटवायचं आतलं अस्तर लावा. बरेच जण हाताशी असलेलं पांढरं लावतात. पातळ पॉपलिनमधून ते करडं दिसतं आणि दोन-चार धुण्यांत सुटायला लागलं की पांढरे बुडबुडे. दोन, खिशाचं कापड काळं हवं. पांढरा खिसा बसल्यावर डोकावतो. तीन, काज काळ्या धाग्याने नीट दाट घाला, नाहीतर आतलं फ्युजिंग काजातून पांढरं दिसतं. बटणं मात्र चकचकीत नकोत, मंद काळी किंवा शिंगाच्या रंगाची घ्या.

इस्त्री नेहमी उलट्या बाजूने. फॉर्मल पँटवर मांड्यांना आणि मागे जी चकाकी येते ती थेट गरम इस्त्रीची आणि घासण्याची. आतल्या लेबलवर इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका असेल तर ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. टेरिकॉटला दोनच्या पुढे जाऊ नका. सरळ बाजूने करणं भागच असेल तर वर ओलसर सुती फडकं. बाहेर इस्त्रीला देताना कपडे उलटे करूनच द्या, म्हणजे सांगायची वेळच येत नाही.

कुर्त्याला खळ घालत असाल तर साबुदाण्याची: एक मोठा चमचा एक लिटर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत उकळा, गाळा, मग चार लिटर पाण्यात मिसळा. कुर्ता उलटा बुडवा. न गाळलेली खळ काळ्यावर कोंड्यासारखी दिसते.

शाईची_दौत

दोघांचे आभार. व्हिनेगरची परीक्षा पॉपलिनच्या शर्टवर केली, ठिपका स्पष्ट गडद राहिला. म्हणजे तिथे चुनाच. टी-शर्टवर लव आहे. जीन्स आतून पांढरी, अंदाज बरोबर. दोन्ही कुर्ते मात्र काखेत आणि खांद्यावर तांबूसच आहेत, ते रंगवायचे आहेत. दोन्ही शंभर टक्के सुती. बाजारात पाच-दहा रुपयांच्या पुड्या मिळतात त्या चालतील का? टेरिकॉटची पँटही त्यातच टाकू का?

रंगपेटी

पुडीवरच्या सूचना वाचा. "पाणी उकळा, मीठ घाला" एवढंच असेल तर तो डायरेक्ट रंग, म्हणजे धाग्याशी जोडला न जाता नुसता बसणारा. लागतो छान, पण प्रत्येक धुण्याला सुटतो आणि बनियनपासून बेडशीटपर्यंत सगळ्यांना लागतो. सूचनेत सोडा मागितला असेल तर रिॲक्टिव्ह, तुम्हाला तोच हवा. रंगांच्या घाऊक दुकानात "थंड पाण्याचा रिॲक्टिव्ह काळा" असं मागा.

दोन कुर्ते कोरडे वजन करून अंदाजे ५०० ग्रॅम धरले तर:

पाणी १० लिटर, आणि ते बोअरचं नको. जड पाण्यात रंगाचा गाळ होतो. पावसाचं किंवा नळाचं मऊ पाणी घ्या. रंग ३० ग्रॅम. कोऱ्या पांढऱ्या कापडाला ४० लागला असता, काळ्याला नेहमीच बाकी रंगांच्या दुप्पट रंग लागतो. जाडं मीठ ६०० ग्रॅम. सोडा ॲश, म्हणजे धुण्याच्या सोड्याची कोरडी पूड, १५० ग्रॅम. खड्यांचा धुण्याचा सोडा असेल तर त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, म्हणून ४०० ग्रॅम. खाण्याचा सोडा चालत नाही.

भांडं प्लास्टिकची बादली किंवा स्टीलचं. ॲल्युमिनियम नको, सोडा त्याला खातो. हातमोजे घाला. पूड मिसळताना तोंडाला मास्क आणि पंखा बंद, कारण रिॲक्टिव्ह रंगाची पूड श्वासात जाऊन दम्यासारखा त्रास देऊ शकते. एकदा पाण्यात विरघळला की तो धोका संपला.

कुर्ते आधी डिटर्जंटने धुऊन घ्या, सॉफ्टनर न घालता. तेलाचा डाग राहिला तर तिथे रंग लागत नाही. ओलेच ठेवा. रंगाची आधी थोड्या पाण्यात गुठळी न होता पेस्ट करा, मग ३५-४० अंशांच्या कोमट पाण्यात रंग आणि मीठ पूर्ण विरघळवा. कुर्ते उलगडून आत सोडा आणि पहिली २० मिनिटं सतत हलवत राहा. इथे आळस केला की पट्टे पडतात आणि ते निघत नाहीत. मग कुर्ते बाहेर काढा, एक लिटर गरम पाण्यात विरघळवलेला सोडा ओता, ढवळा, कुर्ते परत आत. सोडा थेट कापडावर ओतला तर तिथे डाग. यानंतर तासभर, दर पाच मिनिटांनी हलवायचं.

आता जो भाग लोक गाळतात. थंड पाण्यातून तीन-चार वेळा काढा. मग ८० अंशांच्या वरच्या, म्हणजे उकळीला आलेल्या पाण्यात थोडं लिक्विड डिटर्जंट टाकून १५ मिनिटं बुडवा. असं पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत, सहसा तीन वेळा. हे नीट केलं नाही तर वर्षभर रंग सुटत राहतो आणि दोष पुडीला जातो. ओल्यावर जे दिसतं त्यापेक्षा वाळल्यावर एक-दोन छटा फिकं होणार, हे धरून चाला. उरलेला रंग दुसऱ्या दिवशी कामाचा नसतो, सोडा पडल्यावर तो पाण्याशीच जोडला जातो.

एक गोष्ट आधीच बघून ठेवा: शिलाईचा दोरा. तो बहुधा पॉलिस्टरचा असतो आणि या रंगाला दाद देत नाही. मूळ दोरा काळा असेल तर तो काळाच राहील, हरकत नाही. पण कुठे रंगीत टीप किंवा भरतकाम असेल तर रंगवल्यावर ते उठून दिसेल.

पँट यात टाकू नका. पॉलिस्टरला डिस्पर्स रंग लागतो, तो साधारण १३० अंशांवर बंद भांड्यात दाबाखाली चढवतात. गॅसवर ते होत नाही. मिश्र कापडात फक्त सुती धागा काळा होतो आणि पॉलिस्टर तसंच राहून कापड चट्टेरी दिसतं. शिवाय पॉलिस्टरचा रंग सहसा जातच नाही. तुमच्या पँटला चकाकी आली असेल किंवा सूत चिकटलं असेल. सूत ओल्या रबरी हातमोज्याने एका दिशेने पुसलं की निघतं. चकाकी हलकी असेल तर उलट्या बाजूने वाफ आणि मऊ ब्रश. धागा वितळून चपटा झाला असेल तर इलाज नाही.

पायवाट

उन्हाचं उत्तर राहिलं म्हणून. काळं कापड जास्त तापतं यात वाद नाही. पण ती उष्णता अंगाला पोहोचते की नाही, हे कापड अंगाला चिकटलेलं आहे की सुटं यावर ठरतं. १९८० साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात वाळवंटातल्या भटक्या बेदुइनांच्या काळ्या झग्यांवर एक अभ्यास आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त उष्णता शोषतो, पण ती त्वचेपर्यंत पोहोचण्याआधीच निघून जाते आणि माणसाला दोन्हींत सारखंच लागतं, असा निष्कर्ष. मात्र तो सैल झगा आणि मोकळा वारा यांचा हिशेब आहे, अंगाला घट्ट टी-शर्टचा नाही. म्हणजे एप्रिल-मेत एक माप मोठा सुटा कुर्ता, मलमल, लिनन किंवा विरळ खादी. घट्ट काळा टी-शर्ट एसी ऑफिससाठी ठेवा. कोकणातल्या दमट हवेत घामच वाळत नाही, तिथे सैल असूनही फरक कमी पडतो. वकिलांनाही उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडून इतरत्र काळ्या कोटाची सक्ती नाही, हे उगाच नाही.

पाठीवर घाम वाळून जे पांढरे वळसे दिसतात ते मीठ. ओल्या रुमालाने पुसले की जातात, घासू नका. डिओडरंटमधल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांचे आणि तुरटीचेही पांढरे डाग पडतात. लावल्यावर दोन मिनिटं वाळू द्या, मगच कपडा घाला.

संध्याकाळी डासांचा त्रास काळ्यावर जास्त, त्यांना गडद रंग पटकन दिसतो. आणि रात्री दुचाकीवर असाल तर नखशिखांत काळा माणूस मागच्या गाडीवाल्याला दिसत नाही. हेल्मेटच्या मागे आणि बॅगेवर दोन इंच रुंद परावर्तक पट्टी चिकटवा. दिवसा काळ्या बॅगेवर डोळ्यांत खुपायला नको असेल तर काळीच परावर्तक पट्टीही मिळते. दिवसा ती काळी दिसते, हेडलाइट पडला की उजळते. मात्र पांढरीइतकी नाही, म्हणून हेल्मेटवर पांढरीच लावा.

शाईची_दौत

रंगपेटी, शेवटचं एक. सॅशेवाला डायरेक्ट काळा आधीच आणून ठेवला आहे. तो वापरलाच तर?

रंगपेटी

फेकून देऊ नका, पण कुर्त्यांवरही नको. फरशी पुसायचं फडकं, पायपुसणी, बागकामाचा जुना शर्ट यांवर चालवा. कुर्त्यांवर वापरायचाच असेल तर रंगवून झाल्यावर डाय फिक्सर (रंग धरून ठेवणारं द्रावण) घ्या, प्रमाण बाटलीवर असतं, कोमट पाण्यात २० मिनिटं. डायरेक्ट रंगावर तो खरोखर काम करतो, सुटणं बरंच कमी होतं. तरी पहिले पाच-सहा वॉश एकटेच. आणि ते कुर्ते पावसात घालून कुणाच्या उशा-सोफ्यावर बसू नका.